रुमालाखालचा तंबोरा

“ताई, तुम्हाला कधी आमचा डेटा चोरावासा वाटतो का?”

विचारलं एकदाचं! मिथिला आणि जोया, माझ्या दोन मैत्रिणी, यांनी शाळेच्या गेटवर पैज लावली होती, की पडद्यावरच्या एवढ्या हुशार बाईला हे तोंडावर विचारायची अलफियाची, म्हणजे माझी, छाती होणार नाही. मागच्या वर्षी झालीही नसती. मागच्या वर्षीची मी हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा लाल व्हायचे. पण यंदा मी वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरी आले, आणि त्याहून भारी म्हणजे सोळा पूर्ण झाल्या दिवशी आमच्या दुकानाची किल्लीदार झाले.

अम्मीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबला. पडद्यावर कियाराताई पेरू खात होत्या. त्या थांबल्या आणि एवढ्या जोरात हसल्या की मागे झोपलेलं मांजर उठून निघून गेलं.

“चोरायला आधी दिसायला नको का गं? मला काही दाखवू नका, ही माझी पहिली अट. लोक फ्रीलान्सरकडून शपथपत्रं लिहून घेतात. मी उलटं करते. लोकांकडून लिहून घेते, की मला दिसेल असं काही पाठवणार नाही.”

“म्हणजे तुम्ही आंधळेपणानं काम करता?”

“डोळे मिटून. आंधळेपणानं म्हणू नकोस, पोट भरतंय माझं त्याच्यावर.”

कियारा गावित. राहणार नवापूर. कियारा हे नाव आमच्या वर्गातल्या निम्म्या जणींच्या मावशीचं आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी मला त्या जरा जुनाट वाटल्या होत्या. पैज जिंकून मी खोलीबाहेर आले तेव्हा मात्र मनात ठरून गेलं होतं, की मोठेपणी असंच हसायचं.

आता आमचं दुकान. आम्ही शिकलगार, मिरजेतले तंबोरेवाले. अब्बा भोपळ्याला दांडी जोडतात, खुंट्या बसवतात आणि जवारी काढतात. अम्मी कान मोजते. (घरी आमचं सगळं दखनीत चालतं, इथे मी ते मराठीत लिहितेय.) कान मोजणं ही गोष्ट आमच्या गल्लीत गेल्या सहा वर्षांतली, आणि ती समजली नाही तर पुढचं काहीच समजणार नाही, म्हणून सांगते.

निरोगी कान नुसता ऐकत नाही, ऐकताना स्वतःही बारीकसा आवाज करतो. कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते, तिच्यातल्या पेशी आवाज आला की थरथरतात आणि त्या थरथरीचा प्रतिध्वनी बाहेर येतो. अम्मीच्या यंत्राचा बोंडाएवढा माइक तो टिपतो. ज्या स्वराला प्रतिध्वनी येत नाही, त्या जागी कान झोपलाय असं समजायचं. यातून प्रत्येक माणसाचा कानाचा नकाशा निघतो, आणि तो अंगठ्याच्या ठशाइतका वेगळा असतो.

दुसरीकडे तंबोऱ्याची घोडी. तारा हिच्यावरून जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो पण नसतो, त्याला केसाच्या जाडीहूनही कमी असा उतार असतो. तार त्या उताराला घासत घासत कंप पावते, म्हणून एका स्वरातून दहा-बारा स्वर फुलतात. उतार घासून नेमका करणं म्हणजे जवारी काढणं. पूर्वी सगळ्या गवयांना जवळपास एकच जवारी चालवून घ्यावी लागे. आता कानाच्या नकाशावरून हिशेब करता येतो, की या माणसाच्या कानात झंकार पुरा फुलायचा असेल तर उतार कुठे किती हवा.

हा हिशेब अब्बांच्या बसची बात नाही आणि अम्मीच्याही नाही. तो कियाराताई करतात.

पण नकाशा त्यांना दाखवायचा कसा? एखाद्या गवयाचा कान कुठे झोपलाय हे बाहेर फुटलं, तर त्याचं गाणं संपलं म्हणून लोक मोकळे होतात. इथे येतं झाकगणित. समजा मला चार आणि सात यांची बेरीज तुमच्याकडून करून घ्यायचीय, पण चार आणि सात दाखवायचे नाहीत. मी चारात गुपचूप शंभर मिसळते, सातात अडीचशे. तुम्हाला देते १०४ आणि २५७. तुम्ही म्हणता ३६१. मी घरी येऊन साडेतीनशे वजा करते. अकरा! तुम्ही बेरीज केलीत, पण कशाची ते तुम्हाला कळलंच नाही. खरं कुलूप याच्या कोट्यवधी पट अवघड असतं आणि त्यात गुणाकारही चालतात. ही युक्ती जुनीच आहे, पूर्वी ती इतकी रखडत चालायची की उत्तर येईपर्यंत गिऱ्हाईक कंटाळून जाई. नव्या चिपा आल्या आणि ती पळायला लागली. आमच्याकडे तिला ‘रुमाल’ म्हणतात. जनावरांच्या बाजारात दोघं रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे आणि भोवतालच्यांना काही कळायचं नाही, त्यावरून.

उत्तर उघडायची किल्ली तीन तुकड्यांत असते. एक अम्मीकडे, एक अब्बांकडे, एक माझ्याकडे. तिघांनी बोट टेकवल्याशिवाय काही उघडत नाही. म्हणून मी किल्लीदार. वर्गात हे मी किती जणांना सांगितलं ते विचारू नका.

ऑगस्टमध्ये बाई आल्या. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकसष्ट वर्षांच्या, मोठ्या गायिका, डिसेंबरातल्या महोत्सवात शेवटच्या दिवशी त्या गातात एवढं पुरे. अम्मीनं कान मोजला तेव्हा खोलीत आम्ही तिघं आणि बाई.

“सांग,” बाई म्हणाल्या. “गोड करून सांगू नकोस.”

“वरचं गेलंय, बाई. तीन हजार कंपनांच्या वर डावा कान जवळजवळ गप्प आहे. उजवा थोडा बरा.”

“मला वाटत होतं तंबोरे खराब व्हायला लागलेत.” त्या हसल्या, पण हातातल्या रुमालाची त्यांनी पार गोळी केली होती. “बेसूर होत नाहीये मी अजून. पण लोकांना कळलं तर माझा पहिला षड्ज लागायच्या आत ते चूक शोधायला लागतील. हे या खोलीतून बाहेर जाता कामा नये.”

अब्बांनी छातीवर हात ठेवला. मीही ठेवला.

पुढचे तीन आठवडे मी कियाराताईंना काम करताना पाहिलं, आणि खरं सांगते, कुठल्याही क्रिकेटपटूला मी असं पाहिलेलं नाही. त्यांच्यापुढे नुसता कचरा असायचा, कुलूपबंद आकड्यांचा. त्या त्यातून हिशेबाचे नळ जोडत जायच्या. एके दिवशी म्हणाल्या, “अलफिया, मला काहीतरी टोचतंय. मी एक प्रश्न आत बसवलाय. त्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही असं येईल. तिघांनी उघडा आणि मला काय आलं तेवढंच सांगा.”

आम्ही बोटं टेकवली. हो.

“मग डाव्या कानात सोडलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी उजव्याच्या खात्यात पडतोय. डाव्या-उजव्या वायरी उलट लागल्यात तुमच्या.”

अम्मीनं यंत्र उलटं करून पाहिलं. लागल्या होत्या! ना कान पाहिला, ना नकाशा, ना माणूस. माझ्या अंगावर काटा आला. अम्मी म्हणाली, “या बाईला स्वयंपाकघरात घेऊ नये, झाकण न काढता मीठ कमी आहे म्हणेल.”

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं, की एवढं कडक का.

“आधी एका बियाण्यांच्या कंपनीचं काम करायचे,” त्या म्हणाल्या. “त्यांचे आकडे दुसरीकडे फुटले. ते आकडे आम्ही चार फ्रीलान्सरांनी पाहिलेले. कुणी फोडले ते सापडलं नाही, म्हणून चौघांनाही पतपटावर लाल खूण. अकरा महिने घरी बसले. पाहिलं होतं ना मी, मग नाही कशी म्हणणार?”

पतपट म्हणजे बाहेरून काम घेणाऱ्यांची सरकारी नोंद. दुसरी लाल खूण पडली की नाव कायमचं बाद, मग देशात कुणी काम देत नाही. कियाराताईंची एक आधीच पडलेली होती.

शनिवारी तंबोरा तयार झाला. अब्बांनी घोडी घासली, तारांखाली जीवा, म्हणजे सुताचा दोरा, सरकवला आणि तार छेडली. मला सांगताच येणार नाही. नेहमीच्या तंबोऱ्याचा झंकार वर वर चढत जातो, हा खाली बसून फुलत होता, जड, मधासारखा. मी फोन काढला आणि बारा सेकंद टिपले. ना बाई, ना दुकान, ना चेहरा, नुसता आवाज. माझ्या ऑनलाइन भिंतीवर टाकले, खाली लिहिलं: ‘आमच्या घरातली जादू, ऐकाच!’ नकाशा तर रुमालाखाली कुलूपबंद होता. मी किल्लीला हातही लावला नव्हता.

रविवारी बाई आल्या. मांडी घालून बसल्या, तंबोरा कानाशी घेतला, डोळे मिटले आणि षड्ज लावला. मग थांबल्या. परत लावला. अब्बा श्वास रोखून उभे.

“चार वर्षांनी,” बाई म्हणाल्या. “चार वर्षांनी मला माझ्या भोवती कुणीतरी बसल्यासारखं वाटलं.” मग अम्मीकडे वळून, “हा हिशेब करणारी ती मुलगी आहे कुठे? तिनं मला ओळखलंय.”

“तिला तुमचं नावही माहीत नाही, बाई.”

“नावाचं काय घेऊन बसलीस!”

बाई तंबोरा घेऊन गेल्या तेव्हा अब्बांनी गल्लीभर चहा वाटला.

बुधवारी बाईंचा फोन आला. अम्मीनं तो उचलला आणि उभीच राहिली. महोत्सवाच्या लोकांनी बाईंना पत्र पाठवलं होतं: आपल्या श्रवणशक्तीविषयी चर्चा कानी आली आहे, कृपया डॉक्टरांचा दाखला जोडावा, तोपर्यंत आपली वेळ राखून ठेवता येत नाही.

“मी तुमच्या खोलीत विश्वासानं कान दिला होता,” बाई एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अब्बा भिंतीला टेकून खाली बसले. “आपण तिघं बोललो नाही. बाई स्वतः बोलणार नाहीत. राहिलं कोण?”

“तिनं काही पाहिलेलंच नाही,” अम्मी म्हणाली.

“तिचं म्हणणं ते! मला काय कळतं आत काय चालतं ते? तीन पिढ्यांचं नाव आहे, यास्मिन. मला कुणाकडे तरी बोट दाखवावं लागेल.” त्यांनी कियाराताईंच्या नावानं पतपटावर तक्रार टाकली. उत्तराची मुदत शुक्रवार संध्याकाळ पाच. त्यानंतर खूण.

कियाराताईंचा निरोप गुरुवारी शाळा सुटायच्या वेळी आला, दुकानाच्या नावानं, म्हणजे तिघांनाही. मला वाटलं होतं त्या भांडतील. त्यात राग नव्हता. लिहिलं होतं: ‘मी काही पाहिलेलं नाही, त्यामुळे काही सांगू शकत नाही. पण एक गोष्ट तपासा. रुमाल प्रश्न झाकतो, उत्तर झाकत नाही. उत्तरही बोलतं. तुमचं उत्तर म्हणजे तो तंबोरा. तो बाईंखेरीज कुणी कुणी ऐकलाय?’

मी शाळेच्या सायकलतळावर उभी होते. मिथिला मला काहीतरी सांगत होती, ते मला ऐकूच आलं नाही.

बारा सेकंद.

छे, बारा सेकंदांत काय कळतंय, असं मी स्वतःला तीन वेळा म्हटलं आणि सायकल सरळ दस्तगीरचाचांच्या दुकानाशी नेली. चाचा आमच्या शेजारचे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गल्लीतले सगळ्यात जुने जवारीवाले. ते भोपळ्याला रंग देत होते.

“चाचा, एक आवाज ऐकता?”

“तुझ्या त्या ढँढँ गाण्यांतला नको हं.”

मी बारा सेकंद वाजवले. चाचांनी कुंचला खाली ठेवला. “हा ऐकलाय मी. दोघांनी पाठवला मला परवा. एकानं पुण्याहून, एकानं धारवाडहून. तुझ्या अब्बाचा हात आहे.”

“आणखी काय कळतं?”

“आणखी?” ते डोळे मिटून बोलायला लागले, जणू वाचूनच दाखवताहेत. “झंकार वरच्या मजल्यावरून उचलून खालच्या मजल्यावर आणून ठेवलाय. हौसेनं कुणी असं करत नाही. ज्याला वरचं ऐकू येत नाही त्याच्यासाठीच करतात. पट्टी काळी तीन, म्हणजे बाईमाणूस, वय झालेलं. पहिली तार पंचमाला नाही, निषादाला. काळी तीनमध्ये निषाद लावून गाणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत किती, पोरी?” आणि त्यांनी बाईंचं नाव घेतलं.

“चाचा, तुम्ही कुणाला बोललात?”

“मी कशाला बोलू? दुसऱ्याच्या कानाबद्दल बोलू नये. पण ऐकता येणारे आणखी दहा-वीस आहेत, त्यातला एखादा बोलतोच.”

इतकी मोठी कुलपं, तीन तुकड्यांची किल्ली, नवापूरला डोळे मिटून बसलेली बाई, आणि गळती झाली ती माझ्या ‘ऐकाच’मधून. मी ते बारा सेकंद तिथेच उडवले. चारशे बावीस जणांनी ऐकले होते.

दुकानामागच्या भोपळ्यांच्या ढिगाआड बसून मी कियाराताईंना फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं. रडलेही. मग त्यांनी विचारलं, “चाचांना खरंच बारा सेकंदांत कळलं?”

“हो.”

“भारी माणूस आहे!” त्या म्हणाल्या. अशा वेळीसुद्धा! “माझीही थोडी चूक आहे. उत्तर बाहेर ऐकलं जाणार हे मी धरायला हवं होतं. पुढच्या वेळी उत्तरात जरा धूळ मिसळता येईल. उतार किंचित इकडे-तिकडे करायचा, गाणाऱ्याला खटकणार नाही इतकाच, आणि प्रत्येक तंबोऱ्यात वेगळा. मग ऐकणाऱ्याला वाटेल कारागिराची लहर. चाचांनासुद्धा खात्रीनं सांगता येणार नाही.”

“पण ताई, तुमची खूण?”

“ती टाळायची तर गळती कुठून झाली ते पतपटावर लिहावं लागतं, आणि खरं तर ते ज्याच्याकडून झाली त्यानंच लिहायचं.”

“तुम्ही लिहा ना माझं नाव. तुम्हाला आता माहितीये.”

“तू मला विश्वासानं सांगितलंस. ते मी पुढे करणार नाही.”

“मग तुमचं नाव बाद होईल!”

“होईल कदाचित. अलफिया, मी तुझ्याकडे काही मागत नाहीये, बरं का. किल्लीदाराकडून गळती झाली असं नोंदलं गेलं तर तू एकवीस वर्षांची होईपर्यंत तुझी किल्ली जाईल आणि दुकान वर्षभर देखरेखीखाली राहील. हे ठाऊक असू दे. तुझ्या घरचं तुला जास्त कळतं.”

फोन ठेवून मी बसून राहिले. त्यांच्या बियाण्यांच्या कंपनीत कुणीतरी होतं, ज्याला ठाऊक होतं की आकडे त्यानं फोडलेत. अकरा महिने त्याला ठाऊक होतं. तो माणूस कसा दिसत असेल, कुठल्या शाळेत शिकला असेल, जेवताना त्याला कियाराताई आठवत असतील का, असलं काहीबाही माझ्या डोक्यात येत होतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटपून अब्बा आले. तीन वाजले होते. अम्मीनं ताटं मांडली. मी ताटाला हात लावला नाही. चाचांनी जपून ठेवलेली ती ध्वनिफीत मी त्यांच्याकडून मागून आणली होती, ती वाजवली.

“हे मी टाकलं होतं. शनिवारी. चाचांनी हे ऐकून बाईंचं नाव सांगितलं, मी आधी काही न सांगता. कियाराताईंनी काही केलेलं नाही.”

अम्मीनं पदर तोंडाशी नेला. अब्बांनी फीत पुन्हा वाजवायला लावली. स्वतःचीच जवारी ते अशी ऐकत होते, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत.

“या अल्ला,” ते म्हणाले. “हे तर उघड सांगतंय. माझ्या कानाला कसं कळलं नाही?”

“तुम्हाला आधीच माहीत होतं ना, म्हणून.”

“काढून टाकलंस?”

“काल.”

अब्बांनी घड्याळ पाहिलं. मग ताटाकडे. ते वाईट माणूस नाहीत, हे मी मुद्दाम लिहितेय. ते घाबरले होते. “मग आता... बघ बेटा, मी तक्रार मागे घेतो. कारण लिहीत नाही. विषय संपला.”

“कारणाशिवाय मागे घेतलेली तक्रार पतपट धरतच नाही,” अम्मी हळूच म्हणाली. “मी वाचलंय.”

“मग काय करू? माझ्या पोरीचं नाव देऊ? सोळा वर्षांची आहे ती! आणि दुकान? देखरेखीखालच्या दुकानात कोण कान द्यायला येईल?” त्यांनी ताट बाजूला सारलं. “कियारा हुशार आहे. तिला मिळेल काहीतरी दुसरं काम.”

“तिला देशात कुठेच मिळणार नाही, अब्बा.”

भिंतीवर घड्याळ तीन वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. मी उठले आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत उभी राहिले होते तशी पाय जुळवून उभी राहिले.

“अम्मी, अब्बा, मी ठरवलंय. पतपटावर मी स्वतः लिहिणार आहे, पाचच्या आत: गळती किल्लीदाराकडून, नाव अलफिया शिकलगार, दहावी ब. माझी किल्ली जाऊ दे. आणि त्याआधी बाईंना फोन करणार आहे. तो तुमच्यापैकी कुणी लावायचा नाही. मी लावणार.”